रंग, लाकूड आणि नाव : एका हाताच्या तीन कला

(महाजनांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या कृपेने आज आपण सर्वजण या सभामंडपात एकत्र जमलो आहोत. गावोगावची, मुंबई-पुण्याकडची आणि परदेशातली कुळावी मंडळीही आली आहेत. अशा प्रसंगी एखाद्या विद्वानाने बोलावे ही रीत आहे; परंतु समितीने ती आज्ञा मजसारख्या निवृत्त कारकुनास केली, आणि देवाच्या अंगणात सांगितलेल्या कामाला ‘नाही’ म्हणण्याची आपल्यात पद्धत नाही, म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे.

कारकुनाच्या आयुष्यात फार काही घडत नसते. आवक-जावक वही, पावत्या, ताळेबंद आणि याद्या यांतच त्याची वर्षे सरतात. पण त्यातून एक सवय अंगी मुरते. कोणतीही वस्तू दृष्टीस पडली की ती कोणत्या यादीत नोंदली आहे, हा प्रश्न मनात उभा राहतो. आपल्या देवालयाच्या दफ्तरात सोन्यारुप्याच्या अलंकारांची यादी आहे. ते योग्यच आहे. जमिनींची, नारळाच्या झाडांची, भांड्याकुंड्यांची यादी आहे. तेही योग्यच आहे. परंतु या क्षणी आपण ज्यांच्या सावलीत बसलो आहोत ते कोरीव लाकडी खांब, गर्भकुडीची चौकट, पालखी, लालखी, रथ, नवरात्रातील मखर आणि बाहेरच्या भिंतीवरची जुनी तांबडी-पांढरी चित्रे यांची नोंद कोणत्याच यादीत नाही. ज्या हातांनी ती केली, त्या हातांची तर नाहीच नाही.

आज मला त्या हातांविषयी बोलावयाचे आहे.

आपल्याकडे चितारी म्हणजे केवळ चित्र काढणारा असे कोणी समजत नाही. तोच पाट आणि चौरंग रंगवतो, पाळण्याच्या कातीव दांड्यांवर लाख चढवतो, चतुर्थीला गणपतीचे डोळे उघडतो. सुताराचेही तेच. जो घराचा दरवाजा घडवतो, तोच रथाचे चाक बसवतो आणि खाडीकाठचा असेल तर होडीचीही दुरुस्ती करतो. अलीकडे आपण या कामांना चित्रकला, काष्ठशिल्प, प्रतिकृतिनिर्मिती अशी निरनिराळी नावे दिली आणि निरनिराळ्या शाळांत बसवले. मूळ कारागिराच्या लेखी ते एकच काम होते. रंग, लाकूड आणि नाव या एका हाताच्या तीन कला होत. तो हात जिवंत ठेवणे किंवा न ठेवणे हे बव्हंशी काम देणाऱ्याच्या स्वाधीन असते, आणि आपण महाजन हे काम देणारे आहोत, एवढेच माझ्या आजच्या बोलण्याचे सार आहे.

आता आपण म्हणाल, विषय तर आपल्या अंगणातला. मग निमंत्रणपत्रिकेवर बीदर आणि कलबुर्गी यांचा उल्लेख कशासाठी? त्याचे कारण असे. आपल्यातील पुष्कळ घराण्यांचा पाय गाणगापूरला लागलेला आहे. आपण भीमा-अमरजा संगमावर स्नान करतो, निर्गुण पादुकांचे दर्शन घेतो, माधुकरी मागतो आणि गाडी पकडून परत फिरतो. हे गाणगापूर आजच्या कलबुर्गी, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा, जिल्ह्यातील अफजलपूर तालुक्यात आहे. ज्या घरी गुरुचरित्राचे पारायण होते, त्या घराला बीदरचे नावही परके नसावे. ग्रंथाच्या अखेरीकडे ज्या यवन राजाच्या स्फोटकाची कथा येते, त्याची राजधानी म्हणजे बीदर होय, असे अभ्यासक मानतात. म्हणजे वर्षानुवर्षे आपण ज्या नगराची कथा वाचतो, ते गाणगापूरहून एका दिवसाच्या वाटेवर आहे आणि तरीही आपल्यातील फारच थोड्यांनी ते पाहिले आहे. २०१७ साली कलबुर्गी ते बीदर हा लोहमार्ग सुरू झाल्यापासून तर ती वाट आणखी सोपी झाली आहे.

हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी भाषावार रचना झाली आणि बीदर व गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. त्याच राज्याला १९७३ मध्ये कर्नाटक हे नाव मिळाले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मात्र मराठी मुलखाकडे आले. त्यामुळे भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत आजही घरोघरी मराठी ऐकू येते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात श्री माणिकप्रभूंच्या दरबारात तर कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच पंगतीस बसतात. तेव्हा तेथील कारागिराविषयी बोलताना मी परमुलखाविषयी बोलत आहे असे कृपया समजू नये.

बीदरच्या किल्ल्यात, गुंबद दरवाज्यापासून थोड्याच अंतरावर, रंगीन महाल नावाची एक इमारत आहे. बहामनी अमदानीत येथे वाडा होता. आज दिसणारे काम मुख्यत्वे सोळाव्या शतकातील, बरीदशाही घराण्यातील अली बरीदशहाच्या कारकिर्दीतील आहे. बाहेरून पाहिले तर हा महाल साधा, किंबहुना रुक्ष वाटतो. आत शिरल्यावर मात्र एकाच दालनात तीन प्रकारचे कसब दिसते. पहिले कसब लाकडाचे आहे. दालनाचे खांब कोरीव लाकडाचे आहेत आणि त्यांच्या माथ्यावरील हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारे बाहू, इतक्या नाजूक नक्षीने भरलेले आहेत की आपल्या देवळातल्या सभामंडपात उभे असल्याचा भास व्हावा. दुसरे कसब रंगाचे आहे. भिंतींच्या खालच्या भागावर झिलईच्या रंगीत कौलांचे तुकडे जुळवून नक्षी साधली आहे; महालास नाव मिळाले ते या रंगांमुळेच. तिसरे कसब सर्वांत विलक्षण आहे. आतल्या खोलीच्या दाराभोवती काळ्याभोर पाषाणात मोत्याच्या शिंपल्याचे तुकडे बसवून वेलबुट्टी आणि फारसी अक्षरे काढलेली आहेत.

हा पाषाण म्हणजे आपल्या दख्खनचा काळा कातळ. सुतारकाम करणाऱ्याला शिसम कठीण वाटते. कातळ त्याहून किती कठीण! त्यात केसाइतकी बारीक चर खोदायची, ठिसूळ शिंपला त्याच आकाराचा कापायचा, तो चरीत बसवायचा आणि मग पाषाण व शिंपला एकाच पातळीवर येतील असे घोटायचे. हाताचा एक फटका चुकला तर शिंपला फुटतो आणि दगडाची कड उडते. असे काम करणाऱ्यांची नावे आज आपल्यापाशी नाहीत. महाल कोणत्या शहाचा ते इतिहासाने नोंदवले. खांब कोणी कोरला ते नोंदवले नाही. मी मघाशी ज्या यादीविषयी बोललो तिची उणीव काही आपल्याच दफ्तरात आहे असे नव्हे.

या महालाविषयी आज आपण जे जाणतो, त्याचे मोठे श्रेय हैदराबादच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम याझदानी यांना आहे. बीदरच्या इमारतींवरील त्यांचा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रत्येक कमान मोजली, प्रत्येक लेख वाचला, छायाचित्रे घेतली. एका सरकारी सेवकाने शांतपणे केलेली ही नोंद होय. कारकुनी वृत्तीची थट्टा करणाऱ्यांनी याझदानींचे काम अवश्य पाहावे.

बीदरच्या पूर्वेस दोन-तीन किलोमीटरांवर अष्टूर नावाचे खेडे आहे. तेथे बहामनी सुलतानांची समाधिमंदिरे ओळीने उभी आहेत. त्यांतील अहमदशहा वली याच्या समाधीत भिंतीपासून घुमटापर्यंत रंगकाम आहे : शेंदरी, निळा, सोनेरी. हा सुलतान १४३६ साली निवर्तला, म्हणजे ते रंग जवळजवळ सहाशे वर्षांचे झाले. आत अंधार असतो. तेथील राखणदार उन्हात आरसा धरून प्रकाशाची तिरीप आत सोडतो आणि ती तिरीप फिरत जाईल तसतसा एकेक वेल उजळत जातो. या समाधीस हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांचे लोक भजतात. उरुसाच्या प्रसंगी लिंगायत जंगमाचा मान असतो. सज्जनहो, मला वाटते की या रंगांच्या आयुष्याचे रहस्य यातच आहे. ज्या वास्तूत दरवर्षी कोणीतरी श्रद्धेने दिवा लावावयास येतो, तिच्या छपराकडे कोणाचे तरी लक्ष राहते. दिव्याच्या काजळीने चित्र काळवंडते खरे. पण गळक्या छपराने ते नाहीसेच होते.

येथे कोणी विचारील, बीदर तर समुद्रापासून शेकडो मैल दूर. मग शिंपला आला कोठून? तो समुद्रावरून, नावेतून आला. बहामनी राज्याचे वैभव पठारावर दिसत असले तरी त्याची मुळे बंदरांत होती. चौल आणि दाभोळ येथे अरबस्तान-इराणकडील जहाजे लागत. घोडे उतरत, कापड चढे. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात याच वाटेने आला, चौलास उतरला आणि जुन्नरवरून बीदरला पोचला. आमच्या लिसेवातील इतिहासाच्या पुस्तकात गोव्याची कथा १५१० पासून सुरू होई. त्याआधी जणू येथे काही घडलेच नव्हते. प्रत्यक्षात १४७२ साली बीदरचा वजीर महमूद गवान याने गोवा बंदर जिंकून बहामनी राज्यास जोडले होते आणि त्याच वर्षी बीदरमधील त्याचा सुप्रसिद्ध मदरसा पूर्ण झाला. म्हणजे एके काळी आपल्या मांडवीच्या काठचा सुतार आणि बीदरचा शिंपलेकाम करणारा कारागीर एकाच राज्याचे रहिवासी होते. एकाने नाव बांधावी आणि दुसऱ्याच्या दारात तिने आणलेला माल लागावा, असा तो संबंध होता.

महाल ओस पडला. पण हाताचे कसब ओस पडले नाही. बीदरचे नाव आज जगभर पोचले आहे ते बिदरी कामामुळे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, ते घासून गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात म्हणजे त्यावरची रेघ स्पष्ट दिसते. मग छिन्नीने नक्षी खोदतात आणि त्या चरींत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. अखेरीस भांडे किंचित तापवून किल्ल्यातील जुन्या मातीत नवसागर मिसळून त्याचा लेप चोळतात. त्या लेपाने जस्त कायमचे काळे पडते आणि चांदी मात्र शुभ्र राहते. ही शेवटची किमया पाहताना मला रंगीन महालाचे दार आठवते. काळ्या कातळावर पांढरा शिंपला आणि काळ्या जस्तावर पांढरी चांदी : साहित्य बदलले, रीत तीच राहिली. बिदरी कामास २००६ साली भौगोलिक मानांकन लाभले आणि २०२३ साली बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली. हातास नाव मिळण्यास पाच शतके लागली, पण मिळाले.

दुसरे उदाहरण शेजारच्या गुलबर्ग्याचे. एस. एम. पंडित या थोर चित्रकाराचा जन्म १९१६ साली तेथे झाला. त्यांचे नाव आपणांपैकी कित्येकांना ठाऊक नसेल. त्यांचे काम मात्र आपल्या माजघरात टांगलेले असू शकेल. मुंबईत दंडवतीमठ यांच्या नूतन कला मंदिरात आणि सर जे. जे. कलाशाळेत शिकून त्यांनी चित्रपटांच्या जाहिराती, ‘फिल्मइंडिया’ मासिकाची मुखपृष्ठे आणि पुढे देवादिकांची दिनदर्शिकाचित्रे काढली. कागदावरील त्या राम-सीता, शिव-पार्वती आणि राधा-कृष्ण यांना आपल्या आया-आज्यांनी चौकटीत बसवून देव्हाऱ्याच्या शेजारी स्थान दिले. पंडित पुढे गुलबर्ग्यास परतले आणि १९९३ साली निवर्तले. त्यांना आश्रय दिला तो कोणा सुलतानाने नव्हे; तो चित्रपटगृहाने, छापखान्याने आणि दिनदर्शिका वाटणाऱ्या व्यापाऱ्याने दिला. राजा गेला तरी काम देणारा कोणीतरी होता, म्हणून तो हात फुलला.

तेव्हा या सीमाभागाने मला तीन गोष्टी शिकवल्या. दरबाराने काम दिले तेव्हा रंगीन महाल झाला. बाजाराने काम दिले तेव्हा बिदरी टिकली आणि पंडितांची चित्रे घरोघर गेली. भाविकांनी वास्तू सांभाळली तेव्हा अष्टूरचे रंग वाचले. आपल्या देवालयाला दरबार नाही. बाजार असावा अशी आपली इच्छाही नाही. आपल्यापाशी तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे भाविकांचा समुदाय. त्या बळावर आपण काय करू शकतो, ते आता पाहू.

आपल्याकडे रंग, लाकूड आणि नाव या तिन्ही कला एकत्र पाहावयाच्या असतील तर त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री साखळीस, विठ्ठलापुरात, वाळवंटी नदीच्या काठी जावे. त्रिपुरासुराच्या वधाचा आनंद म्हणून तेथे नदीत लहान लहान नौका सोडतात. आज त्यांची स्पर्धा भरते. कोणी शिडाचे गलबत करतो, कोणी जुन्या लढाऊ जहाजाची प्रतिकृती करतो, कोणी मोराच्या आकाराची नाव करतो. लाकूड, पुठ्ठा, थर्माकोल, जे हाती येईल ते साहित्य घेतात. पण नाव तरंगली पाहिजे, आणि दिवे पेटले असता तोल सुटता कामा नये, ही अट पाण्याची असते, परीक्षकांची नव्हे. करणारे बहुतेक तरुण असतात. चतुर्थीची माटोळी बांधणारे, नवरात्रात मखर सजवणारे आणि शिगम्यात चित्ररथ उभा करणारे हात हेच. चित्रकला, सुतारकाम आणि नौकेचे गणित, असे तिन्ही धडे त्या एका रात्रीसाठी ते गिरवतात. नौका विसर्जित होते. हाताला आलेले वळण राहते.

या लहान नौकांकडे खेळणे म्हणून पाहू नये. मोठी नावही प्रथम कारागिराच्या डोळ्यांपुढे लहान रूपातच उभी राहते. केरळात बेपूर येथे आजही ‘उरू’ नावाची प्रचंड लाकडी जहाजे मेस्त्रीच्या अनुभवाच्या जोरावर बांधतात आणि त्याच परिसरातील कारागीर त्यांच्या हातभर लांबीच्या सुबक प्रतिकृतीही करतात. आणि लाकडाची किंमत कशी करावी याचा धडा हवा असेल तर पोर्तुगालकडे पाहावे. ‘दों फेर्नांदु सेगुंदु ई ग्लोरिया’ हे लढाऊ जहाज १८४३ साली दमण येथे नगर-हवेलीच्या सागवानाचे बांधले गेले. ते १९६३ साली लिस्बनजवळ तेजू नदीत जळाले आणि अर्धे जळलेले धूड वर्षानुवर्षे चिखलात पडून राहिले. पुढे त्या देशाने ते वर काढले, दुरुस्त केले आणि १९९८ मध्ये लोकांस पाहण्यासाठी खुले केले. आपल्या किनाऱ्यावरच्या हातांनी बांधलेले, आपल्या रानातले लाकूड! परक्यांनी त्याची जळकी हाडेही जपली. आपण मात्र धडधाकट खांब जुना झाला म्हणून सरपणात घालतो.

हे बोलणे कठोर वाटले तर क्षमा असावी. पण मी एक देवालय पाहिले आहे. त्याचे नाव घेत नाही. तेथील सभामंडपाचे फणसाच्या लाकडाचे कोरीव खांब जीर्णोद्धाराच्या वेळी काढले, त्यांच्या जागी सिमेंटचे खांब उभारून त्यांवर चकचकीत फरशी बसवली आणि जुने खांब लिलावात दिले. समितीचा हेतू वाईट नव्हता. वाळवी लागली होती, पावसाळा तोंडावर होता, देणगी देणाऱ्यांना नवे काहीतरी दिसावयास हवे होते. पण वाळवी दोन खांबांना लागली होती आणि गेले सोळा खांब. तेथील भिंतींवर कावी होती, म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून काढलेली चित्रे होती. त्यांवर तैलरंगाचा हात फिरवण्यात आला. दोन पावसाळ्यांत आत कोंडलेल्या ओलीने तो रंग फुगला आणि सोलून निघताना चित्रही घेऊन गेला. गोमंतकातील व उत्तर कन्नडमधील कावी चित्रांचा ध्यास घेऊन डॉ. कृष्णानंद कामत यांच्यासारख्या अभ्यासकाने ती छायाचित्रांत जतन केली, म्हणून पुष्कळ ठिकाणी निदान छायाचित्र तरी उरले आहे.

याउलट एक सुखद उदाहरणही जवळच आहे. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे लाख आणि रंग चढवलेले ते गोल हातरंगी पत्ते, सुमारे १९७० पर्यंत नाहीसे होण्याच्या बेतात होते. दशावतारी गंजिफाचा एक संच एकशे वीस पानांचा. प्रत्येक पान चिंचोक्याच्या खळीने घोटून, रंगवून, लाखेने झळाळवायचे. हे ज्ञान पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिरापाशी उरले होते. संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ही कला शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केले आणि नव्या मुलांना शिकवले. राजाने चिताऱ्यापुढे विद्यार्थी म्हणून बसावे हीच त्या कलेची खरी पूजा झाली. आज त्या वाड्यात गंजिफाबरोबर लाखकामाचे पाट, चौरंग आणि लाकडी वस्तूही रंगवल्या जातात.

महाजनहो, आपल्या देवालयाच्या जीर्णोद्धाराचा विषय पुढील सर्वसाधारण सभेत येणार आहे. नूतनीकरणास माझा विरोध नाही. देऊळ हे वस्तुसंग्रहालय नव्हे. ते नांदते राहिले पाहिजे, त्याचे छप्पर गळता कामा नये, वृद्धांना पायऱ्या सोयीच्या झाल्या पाहिजेत. परंतु मत देण्यापूर्वी माझ्या चार विनंत्यांचा विचार व्हावा.

पहिली विनंती यादीची. अलंकारांच्या यादीशेजारी लाकूड, रंग आणि चित्रे यांचीही एक यादी व्हावी. प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा, त्याचे माप आणि छायाचित्र ठेवावे, कोणत्या लाकडाचा ते लिहावे आणि कारागिराचे नाव कोणा वृद्धास आठवत असेल तर तेही लिहावे. हे काम विनामूल्य करण्यास मी आजपासून तयार आहे. मला दोन तरुण मदतनीस पुरेत.

दुसरी विनंती अशी की दोष जेवढा असेल तेवढाच उपचार व्हावा. लाकडाचा मोठा शत्रू वय नव्हे, ओल आहे. प्रथम कौले आणि पन्हळी पाहाव्यात. खांबाचा बुंधा सिमेंटमध्ये पुरू नये. तेथे पाणी साचून तो आतून कुजतो. जेथे लाकूड खरोखर गेले असेल तेथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधून घ्यावा. चुन्याच्या भिंतीस चुनाच लावावा. तैलरंग लावू नये.

तिसरी विनंती हाताविषयी. नवे काम देताना कंत्राटदाराच्या नमुनापुस्तकातून तयार नक्षी निवडण्यापूर्वी आपल्या परिसरातील चिताऱ्याला आणि सुताराला एकदा बोलवावे. तो कदाचित चार दिवस अधिक घेईल आणि थोडे पैसेही अधिक मागेल. पण त्याच्यासोबत एक शिकाऊ मुलगा येईल, आणि पन्नास वर्षांनी या मंडपाची दुरुस्ती करावयास तो मुलगा किंवा त्याचा शिष्य असेल. हा खर्च खांबावरचा नव्हे, हातावरचा आहे. आणि खजिनदारांनी तो त्या दृष्टीने वहीत मांडावा.

चौथी विनंती मुलांसाठी. येत्या त्रिपुरारी पौर्णिमेस आपल्या तळीवर महाजनांच्या आणि गावातील सर्वच मुलांची नौकाबांधणी व्हावी. बक्षिसांपेक्षा शिकवणी महत्त्वाची समजावी : पौर्णिमेपूर्वी आठ दिवस जाणत्या सुताराने आणि चिताऱ्याने मुलांना वाकस कसा धरावा, फळी कशी तासावी, रंगाचे अस्तर कसे द्यावे हे दाखवावे. आणि गाणगापूरच्या पुढील यात्रेस गाडी ठरवाल तेव्हा एक दिवस अधिक घेऊन मुलांना बीदरचे ते काळे दार दाखवून आणावे.

आपण सारे देवाचे सेवेकरी आहोत. देवापुढे समई लावणारा, नौबत वाजवणारा, फुलांची माळ ओवणारा यांची सेवा आपण सेवा म्हणून ओळखतो, कारण ती रोज दिसते. ज्याने तीनशे पावसाळे सोसणारा खांब कोरला, त्याचीही सेवा रोजच चालू आहे. आत्ता या क्षणी तो खांब आपल्या डोक्यावरचे छप्पर पेलतो आहे. त्या सेवेची नोंद आपल्या वहीत व्हावी आणि ती पुढे चालवणारे हात आपल्या गावात कामाविना राहू नयेत, एवढेच मागणे श्रींच्या चरणी आणि आपणां सर्वांच्या विचारार्थ ठेवतो.

इति शम्.